टिंबुकलीचा अलर्ट

१

वेबवहिनींचा दिवस कचरा उपसण्याने सुरू व्हायचा. घरातला नव्हे. घरातला कचरा डब्यात पडला की विषय संपतो. हा बागप्रेमी मंडळाच्या वेबसाइटवरचा कचरा, आणि तो रोज ताजा येत असे. टोमॅटोवरच्या किडीची चर्चा चाललेली असावी, कुणी आजोबा मन लावून पानांचे फोटो टाकत असावेत, आणि मध्येच कुणीतरी 'फार छान माहिती' असं लिहून खाली जुगाराची लिंक चिकटवून जावं. कुणीतरी म्हणायचं एवढंच. तिथे माणूस नसतोच, प्रोग्राम असतो. त्याला टोमॅटोशी काही देणंघेणं नसतं.

नवरा कामावर आणि छोटी शाळेत गेली की वहिनी चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत बसत आणि हा सगळा पसारा आवरत. मंडळातले बहुतेक सगळे निवृत्त. वहिनी त्यांच्या मुलींच्या वयाच्या, पण साइट सांभाळतात म्हणून सगळ्यांच्या वेबवहिनी. मानधन बेताचंच होतं, मान मात्र भरपूर मिळायचा.

त्या मानाला एकदा चांगलाच धक्का बसला. मंडळाचे अध्यक्ष पूर्वी दातांचे डॉक्टर होते. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणत. त्यांच्या बहिणीने सहज मंडळाचं नाव सर्चमध्ये टाकलं, तर 'गुलाबावरची भुरी' या पानाखाली झोपेच्या गोळ्यांची जाहिरात! पान उघडून पाहिलं तर गुलाबच. पुन्हा सर्च केलं तर गोळ्या.

"अहो वहिनी," डॉक्टरकाका फोनवर रडकुंडीला आले होते, "आयुष्यभर लोकांचे दात उपटले मी, कुणी नाव ठेवलं नाही. आता म्हातारपणी गोळ्या विकतो म्हणतील!"

वहिनींनी शोध घेतला तेव्हा खरा प्रकार कळला. घुसखोरांनी साइटमध्ये असा मजकूर पेरला होता, की माणसाने पान उघडलं तर त्याला गुलाब दिसावेत, आणि सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्राम, आला तर त्याला गोळ्या. आपल्याच घराच्या भिंतीवर कुणी काहीबाही लिहून जावं, ते रस्त्यावरच्यांनी वाचावं आणि घरच्यांना मात्र ती भिंत कोरी दिसावी, तसलं काहीतरी.

यावर उपाय होता, आणि तो वहिनींनी केला. जे आपल्याला दिसत नाही ते सर्च इंजिनला दिसतं, तर त्यालाच राखणीला बसवायचं. गोळ्या, जुगार, झटपट कर्ज, असे एकेक शब्द घालून त्यांनी अलर्ट लावले. आमच्या साइटवर यातला शब्द कुठे दिसला रे दिसला की मला मेल पाठव. मेलमध्ये पानाचं नाव यायचं आणि शब्दाच्या आगेमागेचं तुटक वाक्य. तेवढ्यावरून चोर पकडता यायचा.

आता राखणदार बसवला खरा, पण तो जागा आहे की डुलक्या काढतोय हे कसं कळणार? त्यासाठी या धंद्यातली माणसं एक युक्ती करतात. जगात कुठेच नसलेला एक शब्द घ्यायचा, आपल्याच पानावर गुपचूप लिहायचा, त्याचाही अलर्ट लावायचा, आणि मेल येते का पाहायचं. लोक यासाठी वेडीवाकडी अक्षरं बडवतात. वहिनींनी तसं केलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या बोटांवर दुसराच शब्द आला. टिंबुकली.

छोटी वेळेच्या फार आधी जन्मली होती. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली, नळ्यांनी वेढलेली, एवढीशी टिंबाएवढी पोर. वहिनी काचेला तोंड लावून तिला टिंबुकली म्हणत. कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणत, कारण मोठ्याने म्हटलं तर रडू फुटेल अशी भीती वाटायची. नवऱ्याच्याही कानावर तो शब्द कधी पडला नाही. पुढे पोर बाळसं धरून घरी आली, तिला छोटी हे नाव चिकटलं, आणि टिंबुकली त्या काचेपाशीच राहिली.

तर वहिनींनी संपर्काच्या पानावर, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, 'टिंबुकली' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मेल आली. राखणदार जागा होता. वहिनींनी पानावरचा शब्द पुसला आणि कामाला लागल्या. अलर्ट काढायचा मात्र राहून गेला.

२

मधे बरेच महिने गेले. एका सकाळी स्पॅम उपसता उपसता वहिनींना ती मेल दिसली. विषयात एकच शब्द होता, टिंबुकली. आधी त्यांना हसू आलं. जुनी मैत्रीण रस्त्यात भेटावी तसं वाटलं. मग त्यांनी मेल उघडली. पत्ता मंडळाच्या साइटचा, पानाचं नाव 'कुंड्यांची जागा बदलताना', आणि खाली तुटक वाक्य:

'… नळ तसाच ठेवून टिंबुकली शाळेत गेली. बादली भरली, आता पाणी फरशीवर …'

असं पान साइटवर नव्हतं. वहिनींना सगळी पानं तोंडपाठ होती. तरी त्यांनी लिंक दाबली. पांढऱ्या स्क्रीनवर नेहमीची ओळ आली: पान सापडले नाही.

त्या तशाच बसून राहिल्या. घर शांत होतं. आणि त्या शांततेत, इतका वेळ कानावर पडत असूनही न ऐकलेला आवाज त्यांना ऐकू आला. न्हाणीघरात पाणी वाहत होतं.

त्या उठल्या. बादली काठोकाठ भरून वाहत होती, फरशीवरचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि छोटीची रबरी चप्पल त्यावर तरंगत होती. वहिनींनी आधी नळ बंद केला, पाणी काढलं, फडकं पिळून वाळत घातलं, आणि मग घाबरल्या. संसारी बाईला घाबरायलाही सवड काढावी लागते.

मग डोकं चालायला लागलं. छोटी एक दिवसाआड नळ चालू ठेवून जाते, त्यात नवल ते काय? तो पांढरा शब्द कुठल्यातरी स्पॅमवाल्या प्रोग्रामने उचलला असणार. ते प्रोग्राम इकडची तिकडची वाक्यं जोडून ठिगळं लावतातच. नळ, बादली, शाळा हे शब्द काय, कुठल्याही घरात असतात. वहिनींनी स्वतःला हे सगळं नीट समजावून सांगितलं आणि ते त्यांना पटलंही. फक्त दिवसभर त्या घरात पाण्याचा आवाज ऐकत राहिल्या.

३

साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती तिथल्या मदतवाल्या मुलाला वहिनींनी फोन लावला. तो नेहमीचाच होता, स्वभावाने गोड, आणि काहीही विचारलं तरी तक्रारीचा नंबर देऊन मोकळा होणारा.

"ताई, असं पान नाहीच आपल्याकडे. कधी नव्हतंच."

"मग सर्च इंजिनने वाचलं ते काय?"

"तेच बघतोय ना." बराच वेळ नुसती टकटक ऐकू येत होती. "बॉट आलेला दिसतोय. त्याने पान मागितलंय. आणि ताई, त्याला पान मिळालंयसुद्धा."

"दिलं कोणी?"

"आमच्याकडून गेलेलं दिसत नाही."

"अरे, मग कुठून गेलं?"

तो म्हणाला, "ताई, मी तक्रार नोंदवून घेतो. नंबर लिहून घेता?"

संध्याकाळी नवरा आला. तो लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटात लटकून आल्यावर त्याला कशाचंच फारसं नवल वाटत नसे. हातावरचं ग्रीस धुता धुता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"लिफ्टमध्ये पण होतं असं. कुणी बटण दाबलेलं नाही, आणि लिफ्ट आपली एखाद्या मजल्यावर जाते, दार उघडते, उभी राहते. लोकांची घाबरगुंडी उडते. काही नसतं गं. वायरिंगमध्ये ओल असते."

"आणि ओल नसली तर?"

"तर आम्ही ओल होती असं लिहितो," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसला. वहिनीही हसल्या. मग टॉवेलला हात पुसत त्याने विचारलं, "पण ही टिंबुकली कोण?"

वहिनींच्या ओठांवर आलं होतं. पण का कोण जाणे, सांगावंसं वाटेना. ते नाव त्यांचं आणि काचेपलीकडच्या त्या इवल्या जिवाचं होतं. "काही नाही रे. टेस्टचा शब्द आहे," त्या म्हणाल्या.

रात्री छोटीच्या अंगावर पांघरूण घालताना त्यांच्या मनात पाल चुकचुकली. हे नाव त्यांनी जगात कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला नाही, खुद्द पोरीलाही नाही. सांगितलं होतं फक्त त्या अलर्टला.

४

पुढची मेल लगेचच आली.

'… खिडकीबाहेरून नीट दिसत नाही. टिंबुकलीने आज पिवळा फ्रॉक …'

छोटीने त्या दिवशी पिवळा फ्रॉकच घातला होता. वहिनी खिडकीपाशी गेल्या. घर वरच्या मजल्यावर, खाली सरळ भिंत, पाण्याचा पाइपही त्या बाजूला नाही. बाहेर उभं राहायला पाऊल टेकेल एवढीही जागा नव्हती. त्यांनी खिडकी लावली, कडी घातली आणि पडदा ओढला. पण पुढची मेल आली तेव्हा त्यांना वाटलं, बाहेरच्याला आपण आतच तर कोंडलं नाही ना? कारण ती खिडकीबाहेरून नव्हती.

'… दारातल्या चपलांपाशी उभं राहिलं की टिंबुकलीचा आवाज स्पष्ट येतो. ती हाक मारते. आई म्हणते थांब, आलेच. आई येत …'

हे वाचून वहिनींना भीतीच्या आधी राग आला. आई येत नाही, असंच असणार ते वाक्य. मग काय सगळं काम टाकून बसायचं? कुठली आई प्रत्येक हाकेला उठते? पण रागामागून लाज आली, कारण आदल्या दुपारी असंच झालं होतं. पोरीने तीनचार हाका मारल्या, वहिनींनी 'आलेच' म्हटलं आणि स्पॅम उपसत बसल्या. उठून गेल्या तेव्हा पोर एकटीच खेळायला लागली होती.

त्यांनी साइटचे सगळे पासवर्ड बदलले. कॉम्प्युटर तपासला. त्याच्या आणि फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. कुणीतरी पाहतंय हे त्यांनी आता मनाशी मान्य केलं होतं. कुणीतरी म्हणजे माणूस, बदमाश, कुठेतरी स्क्रीनसमोर बसलेला. माणूस असला तर त्याला पकडता येतं. त्या विचाराने त्यांना उलट धीरच येत होता.

मग ही मेल आली:

'… इथून टिंबुकलीची एकच वेणी दिसते, आणि हिरवा खडू. आई आत …'

दुपार होती. ऊन खोलीत आलं होतं. छोटी पुढच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून झाड रंगवत होती, हातात हिरवा खडू. वहिनी तिच्याजवळ गेल्या नाहीत. त्या दारात उभ्या राहिल्या आणि पाहिलं. इथून दोन्ही वेण्या दिसत होत्या. दोन पावलं मागे सरकून घरातल्या अरुंद बोळात आल्या. अजूनही दोन्ही. कॅमेरा कुठे लपवला असेल ते शोधून काढायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. भिंतीला पाठ लावून त्या सरकत सरकत गेल्या आणि बोळातल्या अडगळीच्या कपाटापाशी थांबल्या. कपाट कसलं, भिंतीतला कोनाडाच तो, माणूस उभा राहील एवढा. आत शिडी, झाडू, जुन्या बॅगा. दार कधी नीट लागत नसे.

वहिनी आत शिरल्या. शिडीला खेटून उभ्या राहिल्या आणि दार ओढून घेतलं. बोटभर फट राहिली. त्या फटीला त्यांनी डोळा लावला.

एक वेणी, आणि हिरवा खडू.

आत दमट वास होता. पण इथे कॅमेरा नव्हता. त्यांनी हाताने चाचपून पाहिलं, वर, खाली, चौकटीला. कुठे वायर नाही की खिळा नाही. फक्त त्यांच्या डोळ्याच्या उंचीला, दाराच्या आतल्या बाजूला, रंग जरा गुळगुळीत झाला होता. रोज कुणी कपाळ टेकवावं तसा.

"आई," छोटी खडू न थांबवता म्हणाली, "आज पण लपाछपी?"

वहिनी दार ढकलून बाहेर आल्या. "आज पण म्हणजे?"

"काल नव्हतीस का उभी? मी म्हटलं, सापडलीस! तरी बाहेर आली नाहीस."

काल दुपारभर वहिनी मागच्या खोलीत फोनवर होत्या. डॉक्टरकाका जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांचे फोटो एकामागून एक पाठवत होते आणि प्रत्येकावर बोलत होते. वहिनींनी स्वतःला सावरलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी विचारलं, "काल मी कोणता ड्रेस घातला होता गं?"

"आत अंधार होता ना." छोटीने झाडाला अजून एक फांदी काढली. "पण तू मला ते दुसरं नाव म्हणालीस ते आवडलं मला."

"कुठलं नाव?"

छोटीने मान वर केली आणि खट्याळ हसली. "असं काय करतेस? तूच म्हणालीस ना, कुणालाच सांगायचं नाही."

५

नवऱ्याने कपाट रिकामं केलं. शिडी काढली, बॅगा काढल्या, बॅटरी घेऊन आत बसला आणि भिंती ठोकून पाहिल्या. वहिनी छोटीला कडेवर घेऊन बोळात उभ्या होत्या. कडेवर घ्यायचं वय केव्हाच उलटलं होतं. पोर त्यांच्या गळ्यात हात टाकून मजेत होती.

"काय आहे?" वहिनींनी विचारलं.

नवरा बाहेर आला, दार लावलं, कडीत स्क्रूड्रायव्हर अडकवला. "थोडी ओल आहे," तो म्हणाला. त्यांच्याकडे न पाहताच म्हणाला.

त्या रात्री वहिनींचा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि सकाळी त्यांना सगळं लख्ख कळलं. चोर कुठून आला हे शोधत होत्या त्या, आणि माग तर त्यांनीच लावून दिला होता. अलर्ट म्हणजे तरी काय? हे नाव घे, रोज शोध, सगळीकडे शोध, सापडेपर्यंत शोध, आणि थांबू नकोस. पोटच्या पोरीचं नाव त्यांनी असं चव्हाट्यावर टांगलं होतं. साइटवर ते सापडेना तेव्हा शोधणारा पुढे निघाला असेल. शोधणारा कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. त्याचं उत्तर मिळालं असतं तर त्या वेड्या झाल्या असत्या.

त्यांनी अलर्टची यादी उघडली. गोळ्या, जुगार, कर्ज, आणि सगळ्यात खाली टिंबुकली. 'हा अलर्ट कायमचा काढायचा का?' स्क्रीनने विचारलं. वहिनींनी होय म्हटलं.

मेल थांबल्या. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. वहिनींच्या जिवात जीव आला. त्या हळूहळू पुन्हा जेवू लागल्या, डॉक्टरकाकांच्या ढेकणांवर हसू लागल्या. दुपारी काम बंद करून छोटीपाशी बसायचं, हा नेमही त्यांनी केला. मनाशी म्हणाल्या, चला, एका अर्थी बरंच झालं, डोळे उघडले.

एका दुपारी दोघी जमिनीवर बसून कागदाच्या होड्या करत होत्या. वहिनी घडी घालत होत्या, छोटी रंगवत होती. छोटीचा हात मध्येच थांबला. तिने मान वळवली, बोळाकडे पाहिलं. लांबून हाक आल्यावर पाहतो तसं.

"आले," ती हळूच म्हणाली.

मग तिचं लक्ष समोर बसलेल्या वहिनींकडे गेलं आणि ती गोंधळली.

"कुणाला म्हणालीस आले?" वहिनींच्या हातातली होडी चुरगळली होती.

"तुलाच," छोटी म्हणाली. तिने पुन्हा बोळाकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. "पण तू तर इथेच आहेस."

आपण काय करून बसलो ते वहिनींना त्या क्षणी उमगलं. अलर्ट काढल्याने येणारं यायचं थांबलं नव्हतं. फक्त ते कुठवर आलंय हे सांगणारा गेला होता. त्या जे काही करत होत्या ते आता आंधळेपणाने करत होत्या.

६

नवऱ्याला फोन केला तेव्हा तो कुठल्यातरी इमारतीच्या मशीनरूममध्ये होता. मागे मोटरचा घरघराट होता.

"मी निघतोच," तो ओरडून म्हणाला. "दार लावून घे. तिला नजरेआड होऊ देऊ नकोस. ऐकू येतंय ना?"

"तू त्या कपाटात काय पाहिलंस?"

"घरी आल्यावर सांगतो."

"आत्ता सांग."

"अगं, आत्ता नको," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज वहिनींनी कधी न ऐकलेला होता. "निघतोय मी."

बाहेरचं दार लावलेलंच होतं. वहिनींनी छोटीला मागच्या खोलीत आणलं, आपल्या खुर्चीला टेकून चटईवर बसवलं, खडू दिले. मधूनमधून हात मागे नेऊन तिच्या डोक्याला लावत होत्या. केस उन्हाने गरम झाले होते. खोलीचं दार उघडं, बोळ रिकामा, भर दुपार. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरं कुणी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं. इतकं साधं सगळं चाललेलं असताना घाबरायचं तरी कशाला, असं त्यांच्या मनात आलं.

नाव पुन्हा द्यावं की देऊ नये? दिलं तर शोधणाऱ्याच्या हातात आपणच पुन्हा दोरी देतो. नाही दिलं तर ते खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात उभं आहे हेही कळायचं नाही. वहिनींनी बराच वेळ हात कीबोर्डवर नुसते ठेवले. शेवटी त्यांच्यातली आई म्हणाली, निदान कळू दे. न कळण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

अलर्ट लावताना मेलची वाट पाहावी लागत नाही. शब्द लिहिला की खाली लगेच नमुना येतो, या शब्दावर या घडीला काय सापडतंय त्याचा. वहिनींनी मागे हात नेला. केस लागले. त्यांनी हात पुढे आणला आणि दोन्ही हातांनी शब्द लिहिला. गोल चक्र फिरत राहिलं, थांबलं. एकच निकाल होता.

'… टिंबुकली उठली. आईची पाठ आहे. हात पुढे केला की ती लगेच …'

वहिनींनी हात मागे नेला. हाताला काही लागलं नाही.

त्या वळल्या. चटईवर खडू होते. त्या धावत बोळात आल्या.

छोटी बोळाच्या टोकाला, बाहेरच्या दारापाशी, पाठमोरी उभी होती. दाराची कडी निघालेली होती. ती कडी छोटीच्या हाताला पोचत नसे. तिचा एक हात जरा वर उचललेला होता, मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना असतो तसा. बोटं कशाभोवती तरी घट्ट वळली होती. तिच्या शेजारी वहिनींना काही दिसलं नाही. भिंत दिसत होती, चपला दिसत होत्या, आणि दाराच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी जमिनीवर मध्येच तुटली होती.

"छोटी," वहिनी म्हणाल्या.

छोटी वळली नाही.

वहिनींनी तिचं शाळेतलं नाव घेतलं, पूर्ण, रागावल्यावर घेत तसं. पोरीची पाठ हललीही नाही. वहिनींना पुढे जायचं होतं, पण पाय उचलेनात. त्यांच्यापाशी आता एकच शब्द उरला होता. काचेपाशी म्हणत तितक्याच हळू त्या म्हणाल्या, "टिंबुकली."

पोर वळली. तिने वहिनींकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. घरी कुणी अनोळखी बाई आली की मुलं पाहतात तसं, जरा लाजून, नजरेत ओळखीची खूण नाही. मग तिने मान वर केली, शेजारी, जिथे आईचा चेहरा असतो बरोबर त्या उंचीला.

"आई," तिने हळूच विचारलं, "ही कोण?"

वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी त्यांचाच आवाज दारापाशी बोलला, शांत, मायेने भरलेला, घाई नसलेला.

"कुणी नाही गं," तो आवाज म्हणाला. "चल."